मोजून घेतलेली शांतता

बोल्झानोच्या न्यायालयात बंद पाकिटांचा एक मोठा साठा जपून ठेवलेला आहे. प्रत्येक पाकिटात एक कागद असतो आणि त्यावर एकच माहिती असते: हा माणूस स्वतःला जर्मन भाषकगटातला मानतो, इटालियन गटातला की लादिन गटातला. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की कागद भरायचा, पाकीट बंद करायचं आणि जमा करायचं. एरवी त्याला कोणी हात लावत नाही. पण त्या माणसाने सरकारी नोकरीसाठी अर्ज केला किंवा निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, की न्यायालयाकडून दाखला लागतो आणि पाकिटातली ओळख उपयोगात येते.

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या या डोंगराळ प्रांताला जर्मन लोक दक्षिण टिरोल म्हणतात आणि इटालियन लोक आल्तो आदिजे. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. २०२४च्या भाषागणनेत ६८.६१ टक्के लोकांनी स्वतःची नोंद जर्मन गटात केली, २६.९८ टक्के लोकांनी इटालियन गटात आणि ४.४१ टक्के लोकांनी लादिन गटात. हे आकडे इथे केवळ माहितीसाठी नसतात. टपाल कचेरीतल्या जागा, नर्सची भरती, सार्वजनिक घरांचं वाटप, सगळं त्यांच्यावरून ठरतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘सीमा’ हा विषय सुचवला, तेव्हा नकाशावरची रेषा न हलवता मिटलेला एखादा सीमाप्रश्न पाहावा असं मनात आलं. तसे प्रश्न जगात फार नाहीत. हा त्यांपैकी एक.

नदीच्या दोन तीरांवर

व्हेरोनाहून निघालेली गाडी आदिजे नदीच्या काठाने उत्तरेकडे जाते. सालोर्नोच्या चिंचोळ्या खिंडीपाशी दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, आणि तिथून पुढे प्रत्येक फलाटावर गावाची दोन नावं दिसू लागतात. डब्यातल्या घोषणा दोन्ही भाषांत होतात. दोन्हीकडे सफरचंदांच्या बागा आणि डोंगरउतारावर द्राक्षमळे.

बोल्झानो हे प्रांताचं मुख्य शहर. प्रांतात जर्मन भाषकांचं बहुमत असलं तरी या शहरात चारांतले जवळपास तीन जण इटालियन भाषक आहेत. शहराच्या मधून ताल्फर नदी वाहते. पूर्वेला कमानींखालच्या दुकानांचं जुनं गाव, पश्चिमेला विसाव्या शतकात वसवलेला रुंद रस्त्यांचा भाग. पूल ओलांडताच समोर पांढऱ्या दगडाचं भव्य विजयस्मारक उभं राहतं. मुसोलिनीच्या राजवटीत १९२८ साली ते बांधलं गेलं. इथूनच आम्ही इतरांना भाषा, कायदा आणि कला शिकवल्या, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर कोरलेली आहे. ज्यांना हे शिकवल्याचा दावा होता, ते लोक नदीच्या पलीकडेच राहत होते.

१९१०मध्ये, ऑस्ट्रियाची सत्ता असताना, या भागात इटालियन बोलणारे तीन टक्केही नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर प्रदेश इटलीकडे गेला. फॅसिस्टांनी जर्मन शाळा बंद केल्या आणि गावांची नावं बदलली. एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थाने हजारो इटालियन नावांची यादी करून ठेवली होती, ती सरकारी झाली. बोल्झानोत कारखाने काढून दक्षिणेकडून कामगार आणले. जर्मन मुलांना चोरून शिकवणारे वर्ग कोठारांत, तळघरांत भरू लागले. त्यांना ‘भुयारी शाळा’ म्हणत. अशा शाळेत शिकवल्याबद्दल आंगेला निकोलेत्ती या तरुण शिक्षिकेला तुरुंगवास आणि हद्दपारी भोगावी लागली. १९३० साली, वयाच्या पंचविशीत ती वारली.

१९३९मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी या लोकांपुढे पर्याय ठेवला: जर्मनीत जा, नाहीतर इथे राहून इटालियन व्हा. ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनी निवडली. त्यांतले सुमारे ७५ हजार खरोखर निघून गेले. एकेका घरात जाणारे आणि राहणारे अशी फाळणी झाली, आणि राहणाऱ्यांना गद्दार म्हटलं गेलं. बाहेरच्या माणसाला इथला भेद जर्मन आणि इटालियन एवढाच दिसतो. जर्मन घरांच्या आत बसलेला हा दुसरा घाव जास्त काळ ठणकत राहिला.

विजयस्मारकाचं काय करायचं यावर पुढे अनेक दशकं वाद चालला. जर्मन पक्षांना ते नको होतं. इटालियन वस्तीला ते पाडणं म्हणजे आपल्यालाच हाकलणं वाटत होतं. २००१मध्ये नगरपालिकेने चौकाचं नाव ‘शांतता चौक’ केलं, तर पुढच्याच वर्षी नागरिकांनी मतदानाने जुनं नाव परत आणलं. अखेर इतिहासकारांना बोलावलं गेलं. २०१४पासून स्मारकाच्या पोटात एक प्रदर्शन आहे. हे कोणी, का बांधलं आणि त्याने कोणाचं काय झालं, ते तिथे दोन्ही भाषांत सांगितलं आहे. बाहेरच्या एका खांबाला प्रकाशाक्षरांचं कडं घातलं आहे. काही पाडलं नाही आणि काही झाकलंही नाही. त्या तळघरातल्या खोल्यांतून शाळकरी मुलांचे गट फिरताना पाहून मला पटलं की हा उपाय पाडण्यापेक्षा जास्त अवघड आणि जास्त प्रामाणिक आहे.

द्वैभाषिकाचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाने हा प्रदेश परत मागितला, पण दोस्त राष्ट्रांनी तो दिला नाही. ५ सप्टेंबर १९४६ रोजी ऑस्ट्रियाचे कार्ल ग्रुबर आणि इटलीचे आल्चीदे दे गास्पेरी यांनी पॅरिसमध्ये एक छोटा करार केला: सरहद्द आहे तिथेच राहील, पण जर्मन भाषकांना स्वायत्तता मिळेल.

स्वायत्तता आली १९४८मध्ये, पण तिचा साचाच असा होता की ती हाती लागू नये. बोल्झानो प्रांत शेजारच्या त्रेन्तो प्रांताला जोडून एक प्रदेश केला गेला आणि बहुतेक अधिकार त्या प्रदेशाला दिले गेले. त्रेन्तो जवळजवळ पूर्ण इटालियन. म्हणजे आपल्या प्रांतात बहुसंख्य असलेले जर्मन एकत्रित प्रदेशात अल्पसंख्य झाले. द्वैभाषिक मुंबई राज्याचा काळ ज्यांनी पाहिला किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांना यातली चीड निराळी समजावून सांगायला नको.

वर्षंही तीच आहेत. १९५७च्या शरदात रोमने बोल्झानोत पाच हजार घरं बांधायचं जाहीर केलं. ती दक्षिणेतून येणाऱ्यांसाठी आहेत असं जर्मन वस्तीला वाटलं. १७ नोव्हेंबरला झिग्मुंड्सक्रोनच्या पडक्या किल्ल्यात ३५ हजार लोक जमले. महायुद्धात एक पाय गमावलेले, कुबड्यांवर चालणारे जर्मन भाषकांचे पुढारी झिल्व्हिउस माग्नागो बोलायला उभे राहिले. जमावातल्या अनेकांना थेट ऑस्ट्रियात जायचं होतं. माग्नागोंनी मागणी केली ती त्रेन्तोपासून वेगळं होण्याची, इटलीपासून नव्हे. त्या दिवशी ३५ हजार माणसं शांतपणे घरी गेली.

सगळे शांत राहिले नाहीत. ११ जूनच्या रात्री, १९६१ साली, विजेचे ३७ मनोरे स्फोटांनी कोसळले. सालोर्नोजवळ न फुटलेलं स्फोटक काढताना एक इटालियन रस्ता-कामगार मारला गेला. अटक झालेल्यांचा पोलिसांनी छळ केला. पुढच्या वर्षांत सैनिक मेले, हल्लेखोरही मेले. दरम्यान ऑस्ट्रियाने १९६०मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला होता, आणि आमसभेने दोन्ही देशांना वाटाघाटी करायला सांगितलं होतं. रोमने १९ जणांचा आयोग नेमला. त्याच्या कामातून १३७ कलमांचं एक गाठोडं तयार झालं. इथले लोक अजूनही त्याला फक्त ‘पॅकेज’ म्हणतात.

ते स्वीकारायचं की नाही हे ठरवायला जर्मन भाषकांच्या दक्षिण टिरोल जनता पक्षाचं अधिवेशन नोव्हेंबर १९६९मध्ये मेरानोच्या कुरहाउसमध्ये भरलं. ती इमारत आजही आहे, पासेर नदीच्या काठावर. तिच्या झुंबरांच्या सभागृहात आता संगीताच्या मैफली होतात. त्या वेळी तिथे दिवसभर आणि पुढे रात्रभर वाद चालला. विरोधकांचं म्हणणं कच्चं नव्हतं: इटलीने १९४६चा शब्द पाळला नाही, मग या १३७ शब्दांवर का विसंबायचं? स्वयंनिर्णयाचा हक्क कायमचा का सोडायचा? पहाटेच्या सुमारास मतमोजणी झाली. ठराव जेमतेम ५३ टक्क्यांनी पास झाला. थोडीशी मतं इकडची तिकडे झाली असती, तर युरोपच्या मध्यावर आणखी एक उत्तर आयर्लंड झालं असतं असं मला वाटतं.

नोकरीची जाहिरात

१९७२मध्ये नवा स्वायत्तता कायदा लागू झाला. शेती, रस्ते, घरबांधणी, पर्यटन, आरोग्य आणि शाळांचा बराचसा कारभार बोल्झानोकडे आला. पोलीस आणि न्यायालयं रोमकडे राहिली, पण त्यांच्यासमोर आपल्या भाषेत बोलायचा हक्क मिळाला. पैसाही आला: प्रांतात गोळा होणाऱ्या करांपैकी सुमारे नऊ-दशांश वाटा प्रांताकडेच राहतो. उरलेल्या इटलीत याबद्दल असूया आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

पण या व्यवस्थेचा कणा म्हणजे पदांची वाटणी. तिला इथे ‘प्रोपोर्त्स’ म्हणतात. फॅसिस्ट काळापासून रेल्वे, टपाल, न्यायालयं आणि सरकारी कचेऱ्यांत जर्मन भाषक अगदी थोडे उरले होते. १९७६च्या नियमांनी ठरवलं की प्रत्येक गटाला त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतील. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, की ही जागा जर्मन गटासाठी, ही इटालियन गटासाठी. शिवाय नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. शिपायाला सोपी, डॉक्टरला आणि वरच्या अधिकाऱ्याला सर्वांत कठीण. परीक्षा पास झालेल्यांना पगारात भाषाभत्ताही मिळतो.

एका सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी मी बराच वेळ बसून राहिले. रांगेतला माणूस ज्या भाषेत ‘नमस्कार’ म्हणेल, त्याच भाषेत खिडकीतल्या बाई पुढचं सगळं बोलत. एका म्हातारबुवांनी खोऱ्यातल्या बोलीत काही विचारलं, त्यांना बोलीतच उत्तर मिळालं. त्यांच्यामागची तरुणी इटालियनमध्ये बोलली आणि बाईंचा सूर क्षणात बदलला. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. खिडकीच्या आतल्या माणसाने बाहेरच्याची भाषा शिकायची, हा इथला कायदा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा शिकण्याचं ओझं खिडकीबाहेर उभं असलेल्यावर असतं.

या वाटणीची किंमतही मोजावी लागते. रुग्णालयांना दोन्ही भाषा येणारे डॉक्टर मिळत नाहीत, म्हणून आता भाषा शिकायला काही वर्षांची सवलत देऊन त्यांना तात्पुरतं घेतलं जातं. सत्तरीच्या दशकात जागा कमी होत गेल्या तसा इटालियन कुटुंबांना आपल्याला ढकललं जात असल्याचा अनुभव आला. १९६१मध्ये प्रांतातल्या तिघांपैकी एक इटालियन भाषक होता, आज चौघांपैकी एक आहे. बोल्झानोच्या जुन्या कामगार वस्तीत वाढलेल्या एका निवृत्त इटालियन शिक्षकाने मला सांगितलं, की त्यांच्या वडिलांना इथे आणणारं सरकार वेगळं होतं आणि हिशेब चुकता करावा लागला तो त्यांच्या भावाला. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरीही ही व्यवस्था टिकली, कारण ती कोणत्याही एका बाजूला मोडता येत नाही. स्वायत्ततेचे अंमलबजावणीचे नियम सहा जणांचा एक आयोग तयार करतो: तीन जण रोमने नेमलेले, तीन प्रांताचे. संसदेतलं बहुमत बदललं म्हणून साध्या कायद्याने ते नियम पुसता येत नाहीत. प्रांतिक विधिमंडळातले ३५ सदस्य प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात. मंत्रिमंडळात भाषकगटांचा वाटा ठरलेला आहे. सभापती पहिली अडीच वर्षं जर्मन गटातला, नंतरची अडीच इटालियन गटातला. एखादा कायदा आपल्या गटावर अन्याय करतो असं वाटलं तर त्या गटाचे सदस्य गटवार मतदान मागू शकतात आणि पुढे घटनात्मक न्यायालयात जाऊ शकतात. हे शेवटचं हत्यार क्वचित उपसावं लागतं. ते आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून विधेयक मांडण्याआधीच बोलणी होतात.

१३७ कलमांची अंमलबजावणी व्हायला २० वर्षं लागली. जून १९९२मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं कळवलं. त्यानंतर जगभरातून लोक इथे शिकायला येऊ लागले. दलाई लामाही अनेकदा आले. इटलीत राहून मिळालेली ही स्वायत्तता तिबेटसाठी त्यांना अभ्यासण्यासारखी वाटते.

तिसऱ्या भाषेची खोरी

गार्देना आणि बादिया या दोन खोऱ्यांत पाट्यांवर तीन नावं दिसतात. इथली लादिन भाषा लॅटिनपासून निघालेली, आल्प्सच्या कपारींत टिकून राहिलेली. बोलणारे वीस-बावीस हजार.

बाकी प्रांतात शाळा पूर्ण वेगळ्या आहेत. जर्मन शाळेत सगळं जर्मनमधून आणि इटालियन हा पहिलीपासून एक विषय. इटालियन शाळेत याच्या उलट. शिकवणाऱ्याची ती मातृभाषाच असली पाहिजे असं कायद्याचं १९वं कलम सांगतं. भुयारी शाळांची आठवण ज्या समाजाला आहे, तो आपल्या शाळेच्या दाराशी इतका कडक पहारा ठेवतो हे मला समजतं. पण या पहाऱ्यामुळे एकाच गल्लीतली मुलं दोन शाळांत जातात आणि त्यांची मैत्री व्हायचीच राहते.

लादिन खोऱ्यांनी वेगळी वाट धरली. तिथे निम्मे विषय जर्मनमध्ये, निम्मे इटालियनमध्ये, आणि लादिन ही घरची भाषा म्हणून सोबतीला. मूल तीन भाषा घेऊन बाहेर पडतं. जर्मन पक्षातले अनेकजण ही पद्धत आपल्या मुलांसाठी नको म्हणतात, कारण मोठ्या भाषेच्या सोबत लहान भाषा विरघळते अशी त्यांना धास्ती आहे. लादिन मात्र विरघळलेली नाही. तिला धोका आहे तो पर्यटनाचा आणि घरांच्या भडकलेल्या किमतींचा.

लादिन लोक तीन प्रांतांत विभागलेले आहेत. शेजारच्या बेल्लुनो प्रांतात असलेल्या कोर्तिना आणि आणखी दोन गावांनी २००७मध्ये मतदान करून दक्षिण टिरोलमध्ये यायची इच्छा दाखवली. ते आजवर झालेलं नाही. एकच भाषा, एकच डोंगर, पण हक्क प्रांताच्या रेषेवर थांबतात.

कोणत्याच खान्यात न बसणारे

आलेक्झांडर लांगर यांचा जन्म १९४६चा, श्टेर्त्सिंग गावचा. वडील व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातले, आई श्टेर्त्सिंगची. जर्मन घर, पण मित्र आणि लेखन दोन्ही भाषांत. १९८१च्या जनगणनेत भाषकगट जाहीर करायची सक्ती आली तेव्हा त्यांनी नकार दिला. माणसांना पिंजऱ्यांत उभं केलं तर मधली माणसं नाहीशी होतील, हे त्यांचं म्हणणं. त्यांना शिक्षकाची नोकरी नाकारली गेली. पुढे ते युरोपीय संसदेत ग्रीन पक्षाचे खासदार झाले, युगोस्लाव्हियातल्या युद्धाच्या काळात तिथल्या सगळ्या समाजांना एकत्र बसवायला धडपडले. १९९५मध्ये बोल्झानोच्या महापौरपदाला उभे राहायला निघाले, तर भाषकगटाचा दाखला नाही म्हणून त्यांची उमेदवारी फेटाळली गेली. त्याच वर्षी जुलैत ते गेले.

माग्नागोंबद्दल मला नितांत आदर आहे. पण या प्रांताच्या मनाला अजून जे लागून आहे ते लांगर यांचं म्हणणं, असं मला वाटतं. आता कागदावर ‘इतर’ असंही लिहिता येतं, मात्र सोबत तीनपैकी एका गटाशी स्वतःला जोडून घ्यावंच लागतं. आई जर्मन, वडील इटालियन अशा घरातली मुलं प्रसंग पाहून पाकिटात काय लिहायचं ते ठरवतात. शिवाय आज दर दहा रहिवाशांमागे जवळपास एकजण परदेशी नागरिक आहे: अल्बेनियाचा, मोरोक्कोचा, पाकिस्तानचा. २०२४मध्ये बोल्झानोतल्या एका जर्मन प्राथमिक शाळेने जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग काढायचं ठरवलं. प्रांतिक सरकारने तो रोखला. ज्यांच्या रक्षणासाठी शाळा वेगळ्या केल्या, त्यांच्याच शाळेत आता उर्दू आणि अरबी बोलणारी मुलं बसली आहेत. १३७ कलमांत त्यांच्यासाठी एकही नाही.

बेळगावच्या संदर्भात

परतीच्या वाटेवर मनात बेळगाव होतं, ते अपरिहार्य होतं. १९५६मध्ये रेषा आखली गेली, १९६७मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपली सगळी शक्ती रेषा कुठे असावी यावर खर्च झाली. रेषेच्या आत राहिलेल्या माणसाला उद्या सकाळी तहसील कचेरीत कोणत्या भाषेत उतारा मिळेल, याचा विचार मागे पडला.

घटनेत तरतूद आहेच. १९५६च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आणली: मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक आयुक्त. हा आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतो. राज्याला एखादी गोष्ट करायला भाग पाडणं त्याच्या हाती नाही. तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात हे ठरलं, पण ते राज्यांच्या सद्‌भावनेवर सोडलं. तोच प्रश्न आपल्या बाजूलाही आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड शाळांना शिक्षक आणि पुस्तकं वेळेवर मिळतात का, हे विचारल्याशिवाय आपण बेळगावबद्दल बोलू नये.

दक्षिण टिरोलची पाकिटं आपल्याकडे आणावीत असं मी म्हणणार नाही. जातींच्या दाखल्यांच्या या देशात भाषेचाही दाखला आला तर लांगर यांची भीती दसपटीने खरी ठरेल. आणायचा असेल तर तो सहा जणांचा आयोग आणावा. दावा न्यायालयात चालू राहू दे, निकाल कोणाच्याही बाजूने लागू दे. दरम्यान केंद्राने संसदेच्या कायद्याने सीमाभागासाठी एक कायमचा संयुक्त आयोग नेमावा, त्यात मराठी आणि कन्नड भाषक सारख्या संख्येने असावेत, बेळगाव, खानापूर, निपाणीइतकेच जत आणि अक्कलकोट त्याच्या कक्षेत यावेत, आणि तिथल्या शाळा, सरकारी कागद आणि पाट्यांचे नियम त्याच्या संमतीशिवाय बंगळूरला किंवा मुंबईला बदलता येऊ नयेत.